बेनब्रिज (विनाशिका)

बेनब्रिज : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नौदलातील पहिल्या क्रमांकाची विनाशिका. ४ मे १८९८ रोजी संमत झालेल्या कायद्यान्वये मंजूर झालेल्या सोळा विनाशिकांपैकी ही एक होय. फिलाडेल्फिया येथील नीफी अँड लेव्ही या जहाजबांधणी कारखान्यात १५ ऑगस्ट १८९९ रोजी तिच्या बांधणीस प्रारंभ झाला. २७ ऑगस्ट १९०१ रोजी तिचे जलावतरण झाले आणि २४ नोव्हेंबर १९०२ रोजी ती नौदलाच्या सेवेत दाखल झाली. तिच्या सु. सतरा वर्षांच्या सेवेचा बहुतेक काळ फिलिपीन्स बेटे व चीनचा किनारा या टापूत गेला. पहिल्या महायुद्धात तिने जिब्राल्टर येथून गस्तीचे व व्यापारी काफिल्यांच्या संरक्षणाचे काम केले. ३ जुलै १९१९ रोजी ती सेवामुक्त झाली. तिच्या हातून शत्रूचे एकही जहाज बुडाले नाही की एखादी गाजलेली सागरी लढाई झाली नाही. असे असूनही विनाशिका या नौकाप्रकाराच्या इतिहासात तिला महत्त्वाचे स्थान आहे. कारण हा नौकाप्रकार ज्या कामासाठी कल्पिला गेला ते काम आणि प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला आलेले काम यांतील अंतर तिच्या सेवावृत्तांतावरून स्पष्ट होते.

नाव : अमेरिकन नौदलाच्या आरंभकाळातील सेनानी कमोडोर विल्यम बेनब्रिज (१७७४–१८३३) यांचे नाव या नौकेस देण्यात आले. उत्तर आफ्रिकेतील त्रिपोलीच्या चाच्यांविरुद्धच्या मोहिमेत बेनब्रिज यांच्या हाताखालील फिलाडेल्फिया ही फ्रिगेट ३१ ऑक्टोबर १८०३ रोजी खडकावर चढून अडकली आणि ते आपल्या नौसैनिकांसह कैद झाले. शत्रूच्या हाती पडलेली ही फ्रिगेट पुढे स्टीव्हन डिकेटर या तरुण अधिकाऱ्याने १६ फेब्रुवारी १८०४ च्या रात्री त्रिपोली बंदरात शिरून जाळून टाकली. ग्रेट ब्रिटनबरोबरच्या १८१२ च्या युद्धात कॉन्स्टिट्यूशन या फ्रिगेटचे आधिपत्य बेनब्रिज यांच्याकडे आले आणि २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक त्यांनी जावा या ब्रिटिश फ्रिगेटचा पराभव केला. जावा ही हिंदुस्थानच्या मार्गावर होती. तिच्यावर मुंबईच्या नोकरीवर रुजू होण्यास निघालेले लेफ्टनंट जनरल टॉमस हिस्लॉप हे होते, तसेच मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या युद्धनौकांसाठी तांब्याचे पत्रेही होते. हिस्लॉप यांची पुढे सुटका झाली व याच हिस्लॉप यांच्या सेनापतित्वाखाली २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला. बेनब्रिज विनाशिकेबरोबर आशियात गेलेल्या बॅरी, चॉन्सी, डेल व डिकेटर या चार भगिनी-नौकांची नावेही अमेरिकन नौदलाच्या याच आद्य पिढीतील अधिकाऱ्यांवरून ठेवलेली होती.

पार्श्वभूमी : रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने फ्यूमे येथे १८६६ च्या सुमारास स्वयंचलित पाणतीर तयार केला. त्यामुळे एखादी लहान, स्वस्त व वेगवान नौकाही मोठी चिलखती युद्धनौका बुडवू शकेल, अशी शक्यता निर्माण झाली. ब्रिटिश नौदलाने १८७६ मध्ये लाइटनिंग ही पाणतीर नौका बांधून घेतली व पाठोपाठ यूरोपातील इतर आरमारांतही अशा नौकांची भर पडली. त्यांच्या हल्ल्यापासून मोठ्या युद्धनौकांचा बचाव कसा करावयाचा, हा प्रश्न त्यातून उद्‌भवला. पाणतीर नौकेइतकीच चपळ, परंतु तिच्याहून मोठी आणि तोफांनी सज्ज अशी नौका हे त्याचे उत्तर ठरले. स्पेनमध्ये फेर्नांदो व्हीयामील या नौदल अधिकाऱ्याच्या कल्पनेनुसार १८८६ मध्ये डेस्ट्रुक्टोर ही नौका तयार झाली. ब्रिटनमध्ये १८९३ मध्ये हॅव्हॉक व हॉर्नेट या नौका बांधण्यात आल्या व त्यांच्यासाठी ‘पाणतीर नौका विनाशिका’ हे नाव रूढ झाले. पुढे त्याचा संक्षेप होऊन नुसते ‘विनाशिका’ एवढेच नाव उरले.

अमेरिकेच्या नौदलात १८९० मध्ये कशिंग ही पहिली पोलादी पाणतीर नौका दाखल झाली होती. विनाशिका मात्र त्याच्यापाशी एकही नव्हती. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हॅव्हॅना बंदरात मेन ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली आणि स्पेनबरोबर युद्धाची चिन्हे दिसू लागली. स्पेनपाशी फुरोर, प्लुटोन व टेरोर यांसारख्या ब्रिटनमध्ये बांधलेल्या नव्या विनाशिका होत्या. त्या अटलांटिक ओलांडून आल्यास अमेरिकन आरमारास मोठा धोका पोहोचेल, ही भीती नौदल खात्याचे तत्कालीन उपमंत्री थीओडोर रूझवेल्ट यांना व त्यांच्या सल्लागारांना वाटत होती. युद्धास तोंड लागल्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ मे १८९८ रोजी, काँग्रेसने सोळा विनाशिका व बारा पाणतीर नौका बांधण्यास मंजुरी दिली.

ज्या भीतीपोटी ही मंजुरी मिळाली ती भीती दोन महिन्यांतच निराधार ठरली. ३ जुलै १८९८ रोजी सँतियागो दे कूबाच्या लढाईत फुरोर व प्लुटोन या स्पॅनिश विनाशिका दिवसाढवळ्या बंदराबाहेर पडल्या आणि अमेरिकन आरमाराच्या भडिमारात सापडून नष्ट झाल्या. त्यांचा पाठलाग करणाऱ्यांत ग्लॉस्टर ही नौका प्रमुख होती व ती मूळची एका धनिकाची क्रीडानौका होती. विनाशिकेच्या कल्पनेचा एक जनक असलेले व्हीयामील याच लढाईत फुरोरवर मरण पावले. कायद्याने मंजूर झालेली एकही अमेरिकन विनाशिका हे युद्ध संपण्यापूर्वी पाण्यात उतरली नाही. मात्र या युद्धाच्या तहाने फिलिपीन्स बेटे अमेरिकेच्या ताब्यात आली आणि आपल्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी आखलेल्या या नौकांना पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला काम मिळाले.

रचना व साधनसामग्री : मंजूर झालेल्या सोळा विनाशिकांचे बांधकाम निरनिराळ्या खाजगी कारखान्यांना वाटून देण्यात आले. त्यांपैकी तेरा नौका बेनब्रिज वर्गाच्या व उरलेल्या तीन किंचित मोठ्या अशा ट्रक्स्टन वर्गाच्या समजल्या जातात. बेनब्रिज, बॅरी व चॉन्सी या तीन नौका फिलाडेल्फियात बांधल्या गेल्या. क्रमांकाने बेनब्रिज पहिली असली, तरी सेवेत दाखल होण्याचा पहिला मान डिकेटर हिला मिळाला (१९ मे १९०२). नौकांना अक्षरे व अंक यांनी युक्त असे संकेतांक देण्याची पद्धत अमेरिकन नौदलाने जुलै १९२० मध्ये अवलंबिली. तत्पूर्वीच बेनब्रिज विकली गेली होती. त्यामुळे ‘डीडी-१’ हा जो संकेतांक तिच्या नावापुढे लिहिला जातो, तो मागाहून जोडलेला आहे.

बेनब्रिजचे विस्थापन सु. ४२० टन, लांबी सु. ७६ मी., रुंदी सु. ७.२ मी. आणि पाण्याखालील खोली सु. २ मी. होती. दगडी कोळशावर चालणारी चार जलनलिका बाष्पित्रे दोन त्रिप्रसरणी वाफ एंजिनांना वाफ पुरवीत. ८,००० अश्वशक्तीच्या या यंत्रणेने दोन मळसूत्री पंखे फिरत आणि नौकेस ताशी सु. २८ सागरी मैल (सु. ५२ किमी.) वेग मिळे. दोन ७६ मिमी. तोफा, पाच ५७ मिमी. तोफा आणि ४५ सेंमी.हून थोड्या अधिक व्यासाच्या पाणतीरांसाठी दोन नळ्या, अशी तिची शस्त्रसामग्री होती. नौकेवर अधिकारी व नौसैनिक मिळून सु. ७५ माणसे असत.

तत्कालीन ब्रिटिश विनाशिकांचा नाळेकडील भाग कासवाच्या पाठीसारखा गोलाकार असे. वेगात जाताना अशी नाळ पाण्यात शिरत असे व पुढील भागात माणसांना उभे राहणे कठीण होई. बेनब्रिज व तिच्या बहुतेक भगिनी-नौकांचा पुढील भाग त्याऐवजी उंच व सपाट ठेवण्यात आला. त्यामुळे मोठ्या लाटांत टिकाव धरण्याची त्यांची क्षमता वाढली व पुढील काळातील अमेरिकन विनाशिकांत हीच रचना रूढ झाली. तथापि त्यांच्या अंगच्या मर्यादाही मोठ्या होत्या. वेगासाठी वजन कमी राखणे आवश्यक असल्याने पोलादी पत्रे पातळ वापरलेले होते. लांबीच्या मानाने रुंदी फारच कमी असल्याने नौका अतिशय डोलत. अंतर्भागाचा मोठा हिस्सा बाष्पित्रे, एंजिने व कोळशाच्या कोठ्या यांनी व्यापलेला असे. माणसांसाठी उरलेल्या जागेत दाटीवाटीने राहावे लागे. उष्ण कटिबंधात भट्ट्यांपुढे फावड्याने कोळसा ओढणाऱ्या आगवाल्यांचे काम विशेष कष्टाचे होते. पूर्ण वेगाने जावयाचे असल्यास कोठ्यांतील कोळसा झपाट्याने संपे आणि त्यामुळे बंदरे किंवा कोळसा पुरविणारी जहाजे यांवर या नौका सर्वस्वी अवलंबून राहत.

बाष्पित्रे ही या नौकांची शक्ती होती तशीच त्यांच्यावरील माणसांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची वस्तूही होती. १४ फेब्रुवारी १९१० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ हॉपकिन्स या याच वर्गातील विनाशिकेवर बाष्पित्राचा स्फोट होऊन जीवितहानी झाली. त्या प्रसंगी वाफेने भरलेल्या खोलीत शिरून सहकाऱ्यांना वाचविणाऱ्या अनेक नौसैनिकांना मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले.

आशियाकडे प्रवास : फेब्रुवारी १९०३ मध्ये बेनब्रिज पूर्ण सेवेत रुजू झाली व बॅरी, चॉन्सी, डेल आणि डिकेटर यांच्यासह तिचा समावेश ‘पहिल्या पाणतीर ताफ्या’त करण्यात आला. लेफ्टनंट लॉइड चँडलर हे ताफ्याचे प्रमुख होते. या ताफ्याला आशियाई आरमारात दाखल होण्याची आज्ञा झाली आणि डिसेंबर १९०३ मध्ये पाचही विनाशिका अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाल्या. बफेलो हे साहाय्यक क्रूझर जहाज त्यांच्या सोबतीस होते. अटलांटिक महासागर, भूमध्य समुद्र, सुएझ कालवा, तांबडा समुद्र व हिंदी महासागर असा अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून एप्रिल १९०४ मध्ये हा ताफा मानिलाच्या उपसागरातील कॅव्हीटे येथील तळावर पोहोचला.

या प्रवासाचे महत्त्व केवळ अंतरापुरते नव्हते. विनाशिका ही किनाऱ्यालगत वापरावयाची नौका आहे, हा समज त्या काळी दृढ होता. चारशे टनांच्या पाच नौका ऐन हिवाळ्यात अटलांटिक ओलांडून स्वतःच्या वाफेवर मानिलापर्यंत पोहोचल्यामुळे या समजाला धक्का बसला. ताफा वाटेत असतानाच, ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री, जपानी विनाशिकांनी पोर्ट आर्थर येथे नांगरून पडलेल्या रशियन आरमारावर पाणतीरांचा हल्ला केला व रशिया-जपान युद्धास तोंड लागले. पाणतीर नौकांचा संहार करण्यासाठी जन्मास आलेल्या विनाशिकेनेच आता पाणतीर नौकेचे काम आपल्याकडे घेतले, हे त्यावरून उघड झाले. बेनब्रिज व तिच्या सोबतिणी पूर्वेकडे पोहोचल्या तेव्हा त्यांच्या कामाची व्याख्याच बदललेली होती. त्यांच्याच वर्गातील व ट्रक्स्टन वर्गातील सहा विनाशिका १९०७-०८ मध्ये अमेरिकेच्या मुख्य आरमाराच्या विश्वपर्यटनाच्या वेळी दक्षिण अमेरिकेला वळसा घालून पॅसिफिक किनाऱ्यावर गेल्या आणि लांबच्या प्रवासाची ही क्षमता पुन्हा एकदा सिद्ध झाली.

आशियाई आरमारातील सेवा : १९०४ ते १९१७ हा बेनब्रिजच्या सेवेचा सर्वांत दीर्घ व सर्वांत शांत कालखंड होय. फिलिपीन्सच्या द्वीपसमूहात गस्त घालणे, पाणतीर व तोफा यांचा सराव करणे, चीनमधील खुल्या बंदरांना भेटी देऊन तेथील अमेरिकन नागरिकांना व व्यापाऱ्यांना आपल्या अस्तित्वाची जाणीव करून देणे, असे या सेवेचे स्वरूप होते. आशियाई आरमाराच्या नौका सामान्यतः हिवाळ्यात फिलिपीन्सच्या व उन्हाळ्यात चीनच्या उत्तर किनाऱ्याच्या पाण्यात असत. माणसांची चणचण व दुरुस्तीची गरज यांमुळे १९०७ ते १९१० आणि १९१२-१३ या दोन कालखंडांत बेनब्रिज सक्रिय सेवेतून बाजूला ठेवण्यात आली होती.

या नौकांचा एक उपयोग मात्र त्यांच्या रचनाकारांनी कल्पिलेलाही नव्हता. लहान असल्यामुळे त्यांचे आधिपत्य अत्यंत तरुण अधिकाऱ्यांकडे दिले जाई. अशा नौकेवर कप्तानाला मार्ग काढणे, यंत्रे सांभाळणे, शिस्त राखणे आणि चुकांचे परिणाम भोगणे हे सर्व स्वतःच करावे लागे. १९०७ मध्ये डिकेटर विनाशिकेचे आधिपत्य चेस्टर निमित्झ या अवघ्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे देण्यात आले. ७ जुलै १९०८ रोजी फिलिपीन्समधील बातांगास बंदरात शिरताना त्यांची नौका गाळात रुतली. लष्करी न्यायालयाने कर्तव्यातील हयगयीबद्दल त्यांना दोषी ठरविले. परंतु शिक्षा ठपका ठेवण्यापुरतीच मर्यादित राहिली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अमेरिकेच्या पॅसिफिक आरमाराचे सरसेनापतिपद याच निमित्झ यांच्याकडे सोपविण्यात आले.

बेनब्रिजचे आधिपत्य १९१३ मध्ये रेमंड स्प्रुअन्स यांच्याकडे आले व स्वतंत्र आधिपत्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. यंत्रांच्या कामात निष्णात असलेल्या या अबोल अधिकाऱ्याने जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत अमेरिकन विमानवाहू नौकांच्या एका दलाचे नेतृत्व केले. जपानच्या चार विमानवाहू नौका त्या लढाईत बुडाल्या. पुढे अमेरिकन विनाशिकांच्या एका मोठ्या वर्गाला त्यांचे नाव देण्यात आले. त्या वर्गातील पहिली नौका १९७५ मध्ये सेवेत दाखल झाली.

पहिले महायुद्ध : जर्मनीने १ फेब्रुवारी १९१७ पासून अनिर्बंध पाणबुडीयुद्ध पुकारले. पूर्वसूचना न देता व्यापारी जहाजे बुडविण्याच्या या धोरणामुळे एकट्या एप्रिल १९१७ मध्ये आठ लाख टनांहून अधिक क्षमतेची जहाजे समुद्राच्या तळाशी गेली. ब्रिटनचा अन्नपुरवठा तुटण्याची वेळ येऊन ठेपली. ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा दोस्तांची पहिली मागणी विनाशिकांची होती. व्यापारी जहाजांचे काफिले करावयाचे, तर त्यांच्याभोवती फिरत राहणाऱ्या वेगवान रक्षक नौका हव्या होत्या आणि त्यांचाच तुटवडा होता. ४ मे १९१७ रोजी सहा नव्या अमेरिकन विनाशिका आयर्लंडमधील क्वीन्सटाउन (आताचे कोव्ह) येथे दाखल झाल्या. त्या सु. एक हजार टनांच्या, टरबाइनवर व खनिज तेलावर चालणाऱ्या होत्या. त्यांच्या तुलनेने बेनब्रिज वर्गाच्या नौका कालबाह्य झालेल्या होत्या. परंतु टंचाईच्या त्या दिवसांत त्याही मोलाच्या ठरल्या.

१ ऑगस्ट १९१७ रोजी बेनब्रिजने कॅव्हीटे सोडले. तिच्यासह पाचही विनाशिका लेफ्टनंट कमांडर हॅरल्ड स्टार्क यांच्या आधिपत्याखाली तेरा वर्षांपूर्वीचाच मार्ग उलट दिशेने कापीत भूमध्य समुद्राकडे निघाल्या. हा काळ नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा होता. खवळलेल्या हिंदी महासागरात पश्चिमेकडे जाणाऱ्या या जुन्या, अरुंद व पातळ पत्र्याच्या नौकांना वारा व लाटा यांना जवळजवळ समोरून तोंड द्यावे लागले. कोकणातील कोळी व नाखवे ज्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात त्या दिवसांत हा प्रवास घडला, एवढे लक्षात घेतले म्हणजे त्याची बिकटता ध्यानात येते. वाटेत एकही नौका न गमावता ताफा सुखरूप पोहोचला. या कामगिरीबद्दल स्टार्क यांचा पुढे विशेष सेवा पदकाने गौरव करण्यात आला. १९३९ ते १९४२ या काळात ते अमेरिकन नौदलाचे प्रमुख होते.

सप्टेंबर १९१७ च्या अखेरीपासून जुलै १९१८ च्या मध्यापर्यंत बेनब्रिजने जिब्राल्टरच्या परिसरात काम केले. अटलांटिक महासागर व भूमध्य समुद्र यांना जोडणाऱ्या या सामुद्रधुनीतून दोस्तांची असंख्य व्यापारी जहाजे ये-जा करीत. त्यांच्या मागावर जर्मन पाणबुड्या असत. काफिल्याच्या अंगाने वाकडीतिकडी वळणे घेत चालावयाचे, मागे रेंगाळणाऱ्या जहाजांना आवरावयाचे, परिदर्शकाचा मागमूस दिसताच त्या दिशेने झेप घ्यावयाची व ठराविक खोलीवर फुटणारी स्फोटके पाण्यात सोडावयाची, असे हे काम असे. पाण्याखालील पाणबुडीचा वेध घेण्याची साधने तेव्हा अगदीच प्राथमिक होती. त्यामुळे पाणबुडी बुडविण्यापेक्षा तिला वर येऊ न देणे व तिचा नेम चुकविणे यांवरच सगळा भर होता. दिवसामागून दिवस काहीच न घडणे, हेच या कामाचे यश होय.

चॉन्सीचा अपघात : काफिल्यातील सर्वांत मोठा धोका नेहमीच शत्रूकडून येत असे असे नाही. पाणबुड्यांना सुगावा लागू नये म्हणून रात्री सर्व जहाजे दिवे मालवून चालत. १९ नोव्हेंबर १९१७ च्या पहाटेपूर्वी, जिब्राल्टरच्या पश्चिमेस सु. ११० मैलांवर, काळोखात चाललेल्या चॉन्सी विनाशिकेवर रोझ हे ब्रिटिश व्यापारी जहाज येऊन आदळले. पातळ पत्र्याच्या त्या नौकेला हा आघात सोसणे शक्य नव्हते, सु. दीड तासात ती बुडाली. नौकेचे कप्तान लेफ्टनंट कमांडर वॉल्टर रीनो यांच्यासह एकवीस जण प्राणास मुकले. उरलेल्यांना रोझ जहाजानेच उचलून घेतले. १८९८ च्या कायद्यान्वये बांधलेल्या सोळा विनाशिकांपैकी सेवेत असताना नष्ट झालेली चॉन्सी ही एकमेव नौका होय. रीनो यांचे नाव १९२० मध्ये सेवेत आलेल्या एका नव्या विनाशिकेस देण्यात आले. या घटनेच्या दोनच दिवस आधी, १७ नोव्हेंबर १९१७ रोजी, फॅनिंग व निकल्सन या नव्या अमेरिकन विनाशिकांनी यू-५८ या जर्मन पाणबुडीला शरण येण्यास भाग पाडले होते. त्या यशाचा सर्वत्र गाजावाजा झाला. चॉन्सीचा अंत मात्र युद्धाच्या दैनंदिन हानीत जमा झाला.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या भगिनी-नौकांचा वाटाही उल्लेखनीय आहे. १७ एप्रिल १९१८ च्या रात्री कीब्राँच्या उपसागरात फ्लॉरेन्स एच. या दारूगोळावाहू अमेरिकन जहाजाचा स्फोट झाला आणि जळत्या दारूच्या पेट्या समुद्रावर पसरल्या. स्ट्यूअर्ट, ट्रक्स्टन, व्हिपल आदी विनाशिका त्या आगीत शिरल्या व जहाजावरील अनेकांना त्यांनी वाचविले. पाण्यात पडलेल्या एका होरपळलेल्या माणसाला वाचविण्यासाठी फुटत्या पेट्यांमध्ये उडी घेणारे स्ट्यूअर्टवरील फ्रँक अप्टन व जेसी कव्हिंग्टन यांना मेडल ऑफ ऑनर देण्यात आले.

अखेर : जुलै १९१८ नंतर बेनब्रिज अमेरिकेस परतली व उरलेला युद्धकाळ तिने अटलांटिक किनाऱ्यावरील गस्तीत व काफिल्यांच्या सोबतीत घालविला. युद्ध संपेपर्यंत अमेरिकेतील कारखान्यांतून नव्या विनाशिका मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या होत्या. तेव्हा हाती घेतलेल्या तीन वर्गांत मिळून २७३ विनाशिका बांधल्या गेल्या. त्यांच्यापुढे कोळशावर चालणाऱ्या चारशे टनी नौकांचा निभाव लागणे शक्य नव्हते. जेथे ती बांधली गेली त्याच फिलाडेल्फियात ३ जुलै १९१९ रोजी बेनब्रिज सेवामुक्त करण्यात आली. १५ सप्टेंबर १९१९ रोजी तिचे नाव नौदलाच्या यादीतून कमी झाले आणि ३ जानेवारी १९२० रोजी ती विकण्यात आली.

मूल्यमापन : बेनब्रिज व तिच्या वर्गातील नौकांच्या कर्तृत्वाचे मोजमाप बुडविलेल्या शत्रुनौकांच्या संख्येने करू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. पाणतीर नौकांचा संहार करण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधीच आला नाही. त्यांनी शत्रूच्या आरमारावर पाणतीरही सोडले नाहीत. पाणबुडी हा जो शत्रू अखेर त्यांच्यासमोर आला, तो त्या बांधल्या जात असताना कोणाच्या विचारातही नव्हता. परंतु वेग, चापल्य व दूरवर जाण्याची क्षमता हे जे गुण त्यांच्यात आरंभी आणले गेले, तेच पाणबुडीविरोधी युद्धात उपयोगी पडले. काफिल्यांच्या पद्धतीमुळे व्यापारी जहाजांची हानी घटली व ब्रिटन तगून राहिले. त्या यशातील एक लहान पण खरा वाटा या जुन्या नौकांचा आहे. त्यांच्या अनुभवावरून अमेरिकन नौदलाने तीन धडे घेतले. विनाशिका महासागरात टिकेल एवढी मोठी असावी; तिची नाळ उंच असावी; आणि कोळशाऐवजी खनिज तेल व त्रिप्रसरणी एंजिनाऐवजी टरबाइन यांचा वापर व्हावा. १९०९ पासून टरबाइनवर चालणाऱ्या सातशे टनांच्या व १९१० पासून तेल जाळणाऱ्या विनाशिका अमेरिकन नौदलात येऊ लागल्या, त्या याच अनुभवाचे फलित होत.

नंतरच्या नौका : बेनब्रिज हे नाव अमेरिकन नौदलाने पुढेही चालू ठेवले. १९२१ मध्ये सेवेत आलेल्या दुसऱ्या बेनब्रिज विनाशिकेने १६ डिसेंबर १९२२ रोजी मार्मारा समुद्रात पेटलेल्या व्हँ लाँ या फ्रेंच सैनिकवाहू जहाजावरील सु. ४८० जणांचे प्राण वाचविले. आपल्या नौकेची नाळ जळत्या जहाजात घुसवून तिला तेथे धरून ठेवणारे कप्तान वॉल्टर एडवर्ड्‌स यांना मेडल ऑफ ऑनर मिळाले. ६ ऑक्टोबर १९६२ रोजी याच नावाची अणुशक्तीवर चालणारी क्षेपणास्त्रवाहू नौका दाखल झाली. १९६४ मध्ये तिने एंटरप्राइज व लाँग बीच या अणुशक्तिचलित नौकांसह इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली; या प्रदक्षिणेचा आरंभ जिब्राल्टरच्या परिसरातून झाला होता. कोळशासाठी बंदरामागून बंदर गाठणाऱ्या पहिल्या बेनब्रिजनंतर अर्ध्या शतकातच हे घडले. ही नौका १९९६ मध्ये सेवामुक्त झाली. १२ नोव्हेंबर २००५ रोजी दाखल झालेली बेनब्रिज ही सु. ९,००० टनांची क्षेपणास्त्रवाहू विनाशिका असून तिची लांबी पहिल्या बेनब्रिजच्या दुपटीहून थोडी अधिक आहे. एप्रिल २००९ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्यापलीकडे हिंदी महासागरात चाच्यांनी मर्स्क अलाबामा या मालवाहू जहाजाच्या कप्तानाला ओलीस धरले असता त्यांची सुटका या विनाशिकेवरून करण्यात आली. स्वतः चाच्यांच्या कैदेत दिवस काढलेल्या सेनानीचे नाव धारण करणाऱ्या नौकेकडे हे काम आले. व्यापारी जहाजांची वाट सुरक्षित राखणे हे पहिल्या बेनब्रिजच्या वाट्याला अखेरीस आलेले कामच शंभर वर्षांनंतरही विनाशिकांचे एक प्रमुख काम राहिले, हे यावरून दिसून येते.